फोटो मोकळे झाले, पण कुणासाठी?

मामा साताऱ्याला असतात. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि आता रोज सकाळी घरच्या ग्रुपवर एक सुविचार टाकतात. मागच्या महिन्यातला सुविचार झाडं, नद्या आणि माणसाची हाव यांच्याबद्दल होता. खाली लिहिलं होतं, 'एका रेड इंडियन सरदाराचे वचन'. मागे तपकिरी छटेचा जुना फोटो. तंबूच्या आत जमिनीवर बसलेले दोन पुरुष, लांब वेण्या, पुढ्यात चिलीम आणि तंबाखू चिरायची फळी, मागे तंबूच्या वाशांना टांगलेली ढाल, गरुडाच्या पंखाचा पंखा, एक लांबट गाठोडं.

हा फोटो मला ओळखीचा होता. त्यातल्या माणसांना नावं आहेत. एक लिटल प्लूम, दुसरा त्याचा मुलगा यलो किडनी. दोघंही अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या पिकुनी समाजाचे, म्हणजे ज्यांना बाहेरचं जग ब्लॅकफीट म्हणतं त्यांच्यातले. फोटो एडवर्ड कर्टिस या अमेरिकन फोटोग्राफरने १९१० च्या सुमारास काढला आणि १९११ मध्ये छापला. मामांच्या सुविचाराचा आणि या बापलेकांचा काडीचा संबंध नाही.

मी आधी रागावलो, मग वाईट वाटलं. मामांचं काहीच चुकलं नव्हतं. शंभर वर्षांहून अधिक काळ हे फोटो असेच फिरताहेत: नाव नाही, गाव नाही, नुसता एक 'सरदार'. प्रताधिकाराची मुदत संपल्यामुळे ते आता कुणीही कशावरही छापू शकतं, मगवर, टी-शर्टवर, कॅलेंडरवर. आणि बापलेकांचा हा फोटो त्यातल्या त्यात साधा. याच काळात, याच लोकांचे, त्यांच्या सर्वांत पवित्र विधींचे फोटोही काढले गेले आणि आज तेही मोठमोठ्या ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर कुणालाही उतरवून घेता येतात. याला 'ज्ञान सर्वांसाठी खुलं झालं' असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. विधींच्या फोटोंबाबत शेवटचा शब्द ब्लॅकफीट लोकांचा असला पाहिजे, आणि त्यासाठी काही फोटो आपल्या नजरेआड गेले तरी आपली तक्रार असता कामा नये.

हे फोटो कुठल्या वर्षांत काढले गेले ते आधी पाहू. मोंटानातल्या पिकुनींना ब्लॅकफीट म्हणतात, सगळ्या गटांना मिळून ब्लॅकफूट. ब्लॅकफूट लोक स्वतःला नित्सितापी म्हणतात, खरी माणसं. अमेरिका-कॅनडाच्या सीमेने त्यांचे तुकडे केले: मोंटानात पिकुनींचा मोठा गट, पलीकडे अल्बर्टात सिक्सिका, कैनाई आणि पिकानी. २३ जानेवारी १८७० च्या पहाटे मराइअस नदीकाठी अमेरिकन सैन्याने त्यांच्या एका छावणीवर गोळीबार केला आणि सुमारे दोनशे माणसं मारली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सैन्य शोधत होतं माउंटन चीफच्या टोळीला. सापडली हेवी रनरची. हेवी रनर हातात सरकारनेच दिलेला चांगल्या वर्तणुकीचा कागद धरून पुढे आला आणि तिथेच पडला. पुढच्या दहा-बारा वर्षांत गवे, म्हणजे तिथले बायसन, संपले. ज्यांचं खाणं, कपडे आणि घर सगळं गव्यावर उभं होतं ते लोक सरकारी शिध्यावर आले, आणि १८८३-८४ च्या हिवाळ्यात शिधाच आला नाही. त्या एका हिवाळ्यात चारशे ते सहाशे माणसं उपासमारीने गेली.

त्याच १८८३ साली अमेरिकन सरकारने नियम काढले: सूर्यनृत्य हा मोठा पवित्र विधी आणि तशा इतर विधींत भाग घेणं गुन्हा. आधी शिधा बंद, पुन्हा केलं तर कैद. कॅनडाने १८९५ मध्ये कायदा दुरुस्त करून अशाच विधींच्या मुख्य अंगांवर बंदी घातली, ती १९५१ पर्यंत टिकली. म्हणजे कॅमेरे तिथे पोहोचले तेव्हा ते लोक नुकतेच भुकेतून वाचलेले होते आणि त्यांची पूजा गुन्हा ठरलेली होती. एका हाताने विधी बंद करणारा आणि दुसऱ्या हाताने त्यांचे फोटो जमवणारा समाज एकच होता. फोटो पाहताना ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही.

कर्टिस १९०० च्या उन्हाळ्यात निसर्गअभ्यासक आणि लेखक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांच्याबरोबर तिथे गेला. ग्रिनेल यांची पिकुनींशी जुनी मैत्री होती म्हणून त्याला सूर्यनृत्याच्या छावणीत वाट मिळाली. याच ग्रिनेल यांनी पाच वर्षांपूर्वी, १८९५ मध्ये, सरकारच्या वतीने त्यांच्याकडून पंधरा लाख डॉलरना डोंगराळ पट्टा घेणारा करार जुळवला होता. त्या पट्ट्यात १९१० साली ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान झालं. ग्रिनेल दुष्ट नव्हते, उलट ब्लॅकफीटांच्या बाजूने सरकारशी भांडलेही. पण मैत्री आणि सत्ता अशी एकाच माणसात मिसळलेली असते तेव्हा 'त्यांनी परवानगी दिली होती' या वाक्याचं वजन आपण किती धरायचं?

त्या छावणीतून परतलेल्या कर्टिसला आयुष्यभराचं काम सापडलं. १९०६ मध्ये धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यांनी पंचाहत्तर हजार डॉलर दिले, आणि १९०७ ते १९३० या काळात वीस खंड निघाले, उत्तम कागदावर, ताम्रपटांवरून छापलेले. पाचशे संच काढायचे ठरले होते, निघाले तीनशेहूनही कमी. आज पूर्ण संच लिलावात आला तर दहा लाख डॉलरच्या वर जातो. पिकुनी सहाव्या खंडात येतात. पाण्याकाठी घोड्यावर बसलेल्या तीन म्होरक्यांचा त्याचा प्रसिद्ध फोटो आहे, पुढे माळ, वाऱ्यावर हलणारं गवत. त्याखाली त्याने लिहिलं की हे जीवन नामशेष होण्याच्या काठावर आहे. सगळ्या वीस खंडांचा सूर हाच आहे: हे चालले, लवकर बघून घ्या.

आता मामांनी पाठवलेला फोटो जवळून पाहू. त्याचं न खोडलेलं मूळ रूप वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि त्यात बापलेकांच्या मधोमध, जमिनीवर, एक घड्याळ दिसतं. चावीचं, गोल तबकडीचं, त्या काळी दुकानात मिळायचं तसं गजराचं घड्याळ. छापील चित्रात ते नाही. कर्टिसच्या स्टुडिओत ते खोडून टाकलं गेलं. त्या जागी नजर नेली की थोडी धुरकट जमीन दिसते, एवढंच. चित्राखालच्या टिपेत कर्टिस वस्तूंची यादी देतो: चिलीम, फळी, ढाल, गाठोडं, पंखा, घोड्याचं कातडी सामान, वादळात तंबू बांधायची दोरी कुठून कुठे जाते तेही. दोरीसाठी जागा आहे, घड्याळासाठी नाही.

कलेच्या बाजूने याचं समर्थन करणारे भेटतात. चित्रकार नको ते गाळतोच, म्हणतात. पण ते घड्याळ नको ते नव्हतं. लिटल प्लूमने ते स्वतः तिथे ठेवलेलं असणार, मानाच्या जागी, पाहुण्यांच्या नजरेसमोर. मला त्यात दिसतो तो भुकेचे दिवस पाहिलेला माणूस, जो आपल्या तंबूत वाडवडिलांचं गाठोडंही जपतो आणि नव्या जगातली हवी ती वस्तूही आणतो, आणि दोन्हींत त्याला विसंगती वाटत नाही. घड्याळ खोडताना 'मी अजून आहे आणि पुढेही असणार आहे' हे त्याचं म्हणणंच खोडलं गेलं. कारण खंड विकले जाणार होते ते 'हे लोक नाहीसे होताहेत' या एका वाक्यावर.

वॉल्टर मॅक्लिंटॉकची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. पिट्सबर्गचा, येलमध्ये शिकलेला हा तरुण १८९६ मध्ये जंगलांची पाहणी करणाऱ्या सरकारी मोहिमेबरोबर मोंटानात आला, विल्यम जॅक्सन या ब्लॅकफूट वाटाड्याशी त्याची मैत्री झाली आणि मोहीम परत गेली तरी तो राहिला. पुढची कित्येक वर्षं तो उन्हाळ्यात येत राहिला. दोन हजारांहून अधिक फोटो काढले, ते आज येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत. त्यात रंगवलेले तंबू आहेत, बायका फळं वाळवताहेत, मुलं खेळताहेत, आणि सूर्यनृत्यही आहे.

मॅड वुल्फ नावाच्या वृद्ध, मानाच्या माणसाने मॅक्लिंटॉकला मुलगा मानलं. मॅड वुल्फ बीव्हर-गाठोड्याचा, म्हणजे बीव्हर या प्राण्याच्या नावाच्या पवित्र वस्तूंच्या गाठोड्याचा, धारक होता, म्हणजे समाजातल्या सर्वांत जुन्या आणि अवघड विधींपैकी एक त्याच्या हाती होता. त्याने हे का केलं ते मॅक्लिंटॉकनेच लिहून ठेवलं आहे: गोऱ्यांमधला असा एक माणूस त्याला हवा होता जो पुरेसा काळ आपल्यात राहील, आपला धर्म आणि रीतभात समजून घेईल आणि आपल्याबद्दल गोऱ्या लोकांना खरं सांगेल.

हे वाचल्यापासून मला ते फोटो नुसते फोटो वाटत नाहीत. म्हाताऱ्याने त्या तरुणावर एक काम सोपवलं होतं. माझ्या लोकांची बाजू मांड, या अटीवर त्याला आत घेतलं होतं. मॅक्लिंटॉकने काय केलं? मनापासून प्रेम केलं, त्याबद्दल मला शंका नाही. काचेच्या चित्रपट्ट्या हाताने रंगवून घेतल्या, अमेरिकेत आणि युरोपात मॅजिक लँटर्नवर दाखवल्या, व्याख्यानं दिली. ब्लॅकफूटांची स्कारफेसची पवित्र कथा, 'पोइया', तिच्यावर त्याच्या सहभागाने आर्थर नेव्हिन यांनी ऑपेरा रचला, तो १९१० मध्ये बर्लिनच्या राजेशाही ऑपेरात झाला. पण ज्या वर्षांत हे चाललं होतं त्या वर्षांत ब्लॅकफीट मुलांना निवासी शाळांत नेऊन त्यांचे केस कापले जात होते, जमिनीचे तुकडे पाडायचे बेत आखले जात होते, आणि सूर्यनृत्यावर बंदी होतीच. बर्लिनच्या प्रेक्षकांनी स्कारफेसची कथा ऐकली, पण मॅड वुल्फची बाजू त्यांच्यापर्यंत पोहोचली का? सोपवलेल्या कामातलं सुंदर तेवढं झालं आणि अवघड तेवढं राहिलं, असं मला वाटतं.

रेल्वे कंपनीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तिथे गुंतागुंत काही नाही. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने ग्लेशियर उद्यानाकडे प्रवासी ओढण्यासाठी ब्लॅकफीट लोकांना जाहिरातीत उभं केलं, १९१३ मध्ये न्यूयॉर्कला नेऊन एका उंच हॉटेलच्या गच्चीवर तंबू ठोकून राहायला लावलं. ज्या डोंगरांवरून ते बाजूला सारले गेले त्याच डोंगरांची तिकिटं त्यांच्या चेहऱ्यांवर विकली गेली.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही, माझ्याही बरीच उशिरा आली. ब्लॅकफूट लोकांत विधीचं ज्ञान हे 'गुप्त' नसतं, ते सोपवलेलं असतं. गाठोडं, त्यातली गाणी, तंबूवर रंगवायची नक्षी, विशिष्ट शिरोभूषण, अगदी चेहरा अमुक पद्धतीने रंगवण्याचा अधिकार, हे सगळं एका धारकाकडून दुसऱ्याकडे विधिपूर्वक जातं. घेणारा घोडे, ब्लँकेटं, वस्तू देतो. देणारा गाणी आणि नियम शिकवतो. गावासमोर हे होतं. त्या दिवसापासून जबाबदारी नव्याची. आधीचा धारक सल्ला देतो, मान मिळवतो, पण वस्तू आता त्याची नाही. मॅक्लिंटॉकने टिपलेल्या तंबूंवरचे गवे आणि पाणमांजरं बघून आपण 'किती छान नक्षी' म्हणतो. ती कुणाच्या तरी घराण्याने रीतीने मिळवलेली असते, आणि तिच्याबरोबर पाळायची बंधनंही. गवे संपल्यावर तंबू कातड्याऐवजी कॅनव्हासचे झाले, पण नक्षी तीच राहिली आणि ती देण्याची रीतही.

वारकऱ्याच्या गळ्यातली माळ दुकानात वीस-तीस रुपयांना मिळते, तरी ती माळ 'घालून घ्यावी' लागते. दुकानातून आणून गळ्यात अडकवली की आपण वारकरी झालो असं कुणी म्हणत नाही. तिथला प्रकार याच्या जवळ जाणारा आहे. आता सूर्यनृत्याच्या फोटोचा विचार करा. तो विधी, त्यांच्या भाषेत ओकान, एका स्त्रीच्या नवसाने उभा राहतो. घरातलं कुणी जिवावरच्या दुखण्यातून उठावं म्हणून ती बोललेली असते. ती उपास करते, तिला पवित्र शिरोभूषण विधिपूर्वक सोपवलं जातं. पुढे काय होतं ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा तिचा फोटो मी पडद्यावर मोठा करून पाहू शकतो, आणि पाहिलाही आहे. ते पाहण्याचा अधिकार मला कुणी दिला? त्या स्त्रीने नाही, तिला शिरोभूषण देणारीने नाही. प्रताधिकार कायद्यातल्या एका मुदतीने दिला.

यावर आपल्याकडचा वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. ज्ञानावर, देवावर, पाण्यावर मूठभरांनी ताबा ठेवला आणि बाकीच्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं, हा आपला इतिहास आहे. जोतीराव फुले यांनी तो मांडला. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो याच दारासाठी. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला 'हे पाहायचा अधिकार तुम्हाला नाही' हे वाक्य ऐकूनच चीड येते. मलाही आली होती. मग ब्लॅकफीटांना तरी दार लावून घ्यायचा हक्क का द्यायचा?

खूप विचार करून मी या उत्तराशी आलो. दार कोण लावतंय आणि कुणासाठी, यावर सगळं आहे. काळारामाचं दार बळकटांनी आपल्याच गावच्या दुबळ्यांसाठी लावलं होतं, त्यांना माणूस म्हणून नाकारण्यासाठी. ब्लॅकफीटांकडे दार होतं तेच सरकारने मोडलं: विधी गुन्हा ठरवला, गाठोडी संग्रहालयांनी विकत घेतली किंवा उचलली, मुलं शाळांत नेली. मोडलेल्या दारातून आत शिरून काढलेले फोटो 'सर्वांसाठी खुले' ठेवा म्हणणं म्हणजे दार मोडणाऱ्याचीच बाजू घेणं. काळारामाच्या दारात प्रश्न माणसाच्या बरोबरीचा होता. इथेही तोच आहे. आपली पूजा परक्यांच्या नजरेपासून जपण्याचा हक्क आपल्याकडे सगळ्यांना आहे. देवळाच्या गाभाऱ्याबाहेर 'फोटो काढण्यास मनाई' ही पाटी पाहून आपण मुकाट्याने मोबाइल खिशात घालतो. तोच हक्क त्यांना का नको?

दुसरा आक्षेप: हे फोटो नसते तर विधी विस्मरणात गेले असते. हे खरं नाही, आणि असं म्हणणं ज्यांनी ते टिकवले त्यांच्यावर अन्याय आहे. बंदीच्या काळात विधी टिकले ते माणसांनी टिकवले म्हणून. राखीव प्रदेशावरच्या सरकारी एजंटाला हरकत घेता येऊ नये म्हणून छावणी ४ जुलैच्या सुटीला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, जोडली गेली. गव्याच्या जिभा विधीला लागत. गवे संपल्यावर गाईबैलांच्या जिभा आल्या, विधी थांबला नाही. १९३४ मध्ये अमेरिकेतली बंदी सरकारी आदेशाने उठली, १९७८ मध्ये मूळ रहिवाशांच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. मधली सगळी वर्षं गाणी कुणाच्या तरी कंठात होती. फोटोत गाणं ऐकू येत नाही.

मग हे फोटो जाळून टाकायचे का? अजिबात नाही. आणि या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर मला मिळालं ते कैनाईंकडून.

१९२५ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डच्या मानवशास्त्रज्ञ बिट्रिस ब्लॅकवुड काही दिवस कैनाई लोकांत होत्या. तिथे काढलेले तेहतीस फोटो ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात गेले आणि पाऊणशे वर्षं राहिले. त्यातले कित्येक त्या काळच्या मानवशास्त्राच्या पद्धतीचे, समोरून एक, बाजूने एक, जणू माणूस म्हणजे नमुना. या शतकाच्या सुरुवातीला दोन संशोधिका त्या फोटोंच्या प्रती घेऊन कैनाईंकडे परत गेल्या, तिथल्या सांस्कृतिक मंडळाशी लेखी करार करून, त्यांच्या अटींवर. घरोघरी फोटो समोर ठेवले गेले आणि 'नमुने' म्हणून काढलेले चेहरे एका क्षणात आज्या, मामा, चुलते झाले. कुणाचं लग्न कुणाशी झालं, कोण उत्तम शेतकरी होता, शाळेच्या गणवेशातल्या या मुलीचं पुढे काय झालं, असं सगळं निघत गेलं. यावर २००६ मध्ये पुस्तक निघालं, त्याच्या ब्लॅकफूट नावाचा अर्थ 'चित्रं आपल्याला निरोप आणतात' असा आहे. फोटो तेच, कागद तोच. घरी गेल्यावर त्यांना माणसं मिळाली.

म्हणून मी म्हणतो, आधी घरी पाठवा. नुसती संकेतस्थळाची लिंक नव्हे, फोटो, आणि फोटोंबद्दल ठरवण्याचा अधिकारही. रोजच्या आयुष्याचे, घरातल्या माणसांचे फोटो बहुधा त्यांना जगाला दाखवायलाच आवडतील, नावांसकट. विधींचे काही फोटो ते म्हणतील आम्हीच पाहू, काही म्हणतील अमुक ऋतूतच, काही अमुक अधिकार असलेल्यांनीच. ते सांगतील तसं. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने संग्रहालयांना अस्थी आणि पवित्र वस्तू परत देणं भाग पडलं, पण फोटो त्या कायद्यात बसत नाहीत. अल्बर्टात २००० मध्ये पवित्र वस्तू परत देण्याचा कायदा झाला आणि कॅलगरीच्या ग्लेनबो संग्रहालयाने ब्लॅकफूट समाजांना २५१ वस्तू कायमच्या परत दिल्या. काचेच्या कपाटात दशकानुदशकं पडलेली गाठोडी पुन्हा उघडली गेली, पुन्हा विधिपूर्वक सोपवली जाऊ लागली. आभाळ कोसळलं नाही, विद्वत्ता बुडाली नाही. मूळ रहिवाशांच्या अभिलेखांबाबत २००६ मध्ये तयार झालेल्या आचारनियमांना अमेरिकन अभिलेखपालांच्या संघटनेने २०१८ मध्ये मान्यता दिली. म्हणजे वाट आखलेली आहे. चालायला बारा वर्षं लागली तीच जास्त झाली.

हे सगळं दूरच्या देशातलं म्हणून आपण अंग काढून घेऊ शकत नाही. मुंबईत विल्यम जॉन्सन या इंग्रज फोटोग्राफरने १८६३ ते १८६६ मध्ये इथल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, त्यातला दुसरा मराठी मुलुखाचा. त्यात माणसं एकीकडे टिपून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर चिकटवलेली आहेत. कर्टिसने खोडलं, जॉन्सनने चिकटवलं. आणि त्याच्याहून जवळचं बोलायचं तर, आपल्या मराठी वर्तमानपत्रात आजही पाडव्याला, होळीला पालघर-नंदुरबारकडचे फोटो येतात. खाली लिहिलेलं असतं, 'पारंपरिक वेशात आदिवासी महिला'. त्याच पानावर उद्घाटनाच्या फोटोत डावीकडून उजवीकडे आठ पुढाऱ्यांची नावं असतात. ज्या फोटोग्राफरने आठ नावं टिपली त्याला त्या बाईचं नाव विचारायला किती वेळ लागला असता?

नाव विचारलं की काय होतं याचंही एक उदाहरण देतो. १९१६ मध्ये वॉशिंग्टनला काढलेला एक फोटो आहे. फ्रान्सिस डेन्समोर या गीतसंशोधिका फोनोग्राफपाशी बसल्या आहेत आणि कर्ण्यासमोर पिसांच्या शिरोभूषणात माउंटन चीफ, म्हणजे १८७० च्या पहाटे सैन्य ज्याला शोधत होतं त्याचा मुलगा. हा फोटो वर्षानुवर्षं 'आदिवासी सरदाराचं गाणं ध्वनिमुद्रित करताना' म्हणून छापला गेला. खरं तर तो गात नव्हता, ऐकत होता. यंत्रातून येणाऱ्या गाण्याचा अर्थ तो माळरानावरच्या हातांच्या खुणांच्या भाषेत डेन्समोर यांना सांगत होता. फोटोतला जाणकार तो आहे. टिपेने त्याला नमुना करून टाकलं होतं.

मोंटानातल्या ब्लॅकफीट समाजाचे आज सुमारे सतरा हजार नोंदणीकृत सभासद आहेत. जून २०२३ मध्ये त्यांनी चीफ माउंटनच्या पायथ्याशी गव्यांचा कळप मोकळा सोडला, कुंपणाशिवाय. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्याच राखीव प्रदेशात वाढलेली अभिनेत्री लिली ग्लॅडस्टोन गोल्डन ग्लोब घेताना आधी ब्लॅकफूट भाषेत बोलली.

मामांना मी रागाने काही लिहिलं नाही. दोघांची नावं पाठवली, कोण कुठले ते पाठवलं, आणि घड्याळ असलेली मूळ प्रत पाठवली. सांगितलं, छापताना हे खोडलं होतं. बराच वेळ उत्तर नाही. मग ग्रुपवर नाही, मला एकट्याला निरोप आला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला असावा.

"अरे, किती वाजलेत त्यात? मला चष्म्यातूनही नीट दिसत नाहीये."